मूडल केवळ टिपणे टाकण्यापुरते उरले आहे, काय करावे?

प्रश्न (इतिहास विभाग, हिंगोली जिल्हा)

आमच्या महाविद्यालयात नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीआधी सर्व प्राध्यापकांची मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर खाती उघडण्यात आली आणि एका दुपारी प्रशिक्षणही उरकण्यात आले. समिती परतल्यावर मात्र तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. मी स्वतः वहीतील टिपणे स्कॅन करून ४८ एमबीची एक पीडीएफ चढवली होती. नोंद पाहिली तेव्हा ६२ पैकी ७ विद्यार्थ्यांनी ती उघडल्याचे दिसले. उरलेल्यांनी तीच टिपणे व्हॉट्सॲपच्या गटावर मागितली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले माझे एक ज्येष्ठ सहकारी विचारतात, ‘गटावर फोटो टाकून भागते, मग हा खटाटोप कशासाठी?’ त्यांना काय सांगावे?

उत्तर (वाणिज्य विभाग, लातूर)

सर, आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकृतीच्या प्रारूपात दोन गोष्टींवर भर आहे: साधन आपल्या कामाचे आहे असे वाटणे आणि ते वापरायला सोपे वाटणे. टिपणे पोचवण्यापुरते पाहिले, तर व्हॉट्सॲप दोन्ही बाबतींत सरस आहे. मला मूडलचा उपयोग पटला तो अंतर्गत मूल्यमापनात. पहिली प्रश्नपेढी तयार करताना दिवाळीची सुट्टी गेली आणि घरी बोलणीही खावी लागली. परंतु पुढच्या वर्षी त्याच पेढीतून प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे प्रश्न गेले, आणि १२० जणांचे गुण तपासणीविना तक्त्यात येऊन बसले.

उत्तर (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, बीड जिल्हा)

जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने पुढच्या वर्षासाठी प्रश्नपेढी कशाला रचावी, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. तरीही मी मूडल वापरतो, कारण दिवाळीच्या सुमारास माझे काही विद्यार्थी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. फडावर रेंजचा भरवसा नसतो. त्यांना निघण्यापूर्वीच मूडलच्या ॲपमध्ये धडे उतरवून घ्यायला सांगतो. चाचणीच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन सोडवण्याची मुभा दिली, तर तीही आधी उतरवून घेता येते आणि रेंज मिळाल्यावर उत्तरे पाठवता येतात. मात्र अशा चाचणीला वेळेची मर्यादा घालता येत नाही, त्यामुळे मी ती गुणांसाठी न घेता सरावापुरतीच ठेवतो. आपली ४८ एमबीची पीडीएफ या मुलांनी कशी उतरवावी, याचाही विचार व्हावा, ही विनंती.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पीडीएफबद्दलचा टोला रास्त आहे. प्रकरणवार टंकलिखित टिपणे करण्यास घेतली आहेत. बीडच्या सरांना एक विचारायचे आहे: सत्र संपताना आपण अभ्यासक्रमाचा बॅकअप स्वतःजवळ ठेवता का?

उत्तर (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, बीड जिल्हा)

होय. मूडलच्या बॅकअपची एमबीझेड फाइल पेनड्राइव्हवर असते. प्रश्नपेढीही तिच्यात येते. नेमणूक दुसरीकडे झाली आणि तेथे मूडल असले, तर तीच फाइल तेथे चढवतो.