घाम गेला म्हणजे चरबी गेली असं नाही
ताई, गरम खोलीत योगासनं केल्यावर लगेच वजन उतरतं म्हणता, पण उतरतं ते पाणी. दोन तांबे प्यायलात की काटा परत जागेवर. फायदा वेगळा आहे. बिक्रम पद्धतीत, म्हणजे गरम खोलीतल्या योगाच्या एका प्रकारात, खोली साधारण ४० अंशांवर ठेवून ९० मिनिटं ठरलेल्या क्रमानं आसनं करतात. उष्णतेनं स्नायू सैल होतात, पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) सोपं जातं. मात्र त्याच भरात जास्त ताणलं जातं आणि दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. टेक्सासमधल्या २०१८च्या अभ्यासात रक्तवाहिन्यांना झालेला फायदा गरम आणि साध्या खोलीत सारखाच निघाला. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात (टिळकवाडीत जुलैत चादरीसुद्धा वाळत नाहीत!) गरम खोलीचा मोह मला कळतो. पण बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एप्रिलात मात्र खिडक्या उघड्याच ठेवा बघा.