तडजोड की दिवाळखोरी? थकलेल्या वैयक्तिक कर्जाविषयी मार्गदर्शन हवे

डिचोलीवाला:
नमस्कार. पर्यटक टॅक्सीचे कर्ज, एका खासगी बँकेचे वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असा माझ्यावर बोजा आहे. टॅक्सीचे हप्ते कसेबसे जातात, परंतु पावसाळ्यात धंदा बसल्यापासून उरलेली दोन्ही खाती थकली असून नव्वद दिवस उलटले आहेत. वसुलीवाला फोनवर सांगतो की साठ टक्के रक्कम एकरकमी भरल्यास सगळे मिटेल. एक नातेवाईक मात्र दिवाळखोरी जाहीर करून मोकळे व्हा, असे म्हणतात. घर माझ्या नावावर आहे आणि आमचा विवाह गोव्यातच नोंदलेला आहे. पत्नीच्या हिश्श्यावर गदा येईल का?

निवृत्त शाखाधिकारी, मडगाव:
सर्वप्रथम आपला क्रेडिट अहवाल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, मागवावा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. 300 ते 900 मधला गुणांक पाहून थांबू नये. प्रत्येक खात्यापुढे महिनावार जे थकीत दिवस लिहिलेले असतात, ते वाचावेत, कारण पुढचा कर्ज देणारा तेच वाचतो.

तडजोडीबाबत सांगायचे तर बँक उरलेली रक्कम सोडते, पण अहवालात ते खाते ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेले) न दिसता ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) दिसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या सूचनांनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. ज्याला पुढे नवी गाडी घ्यायची आहे, त्याने हे आधीच जमेस धरावे. फोनवरच्या बोलीवर एक रुपयाही भरू नये. खाते क्रमांक, रक्कम, मुदत आणि उर्वरित येणे सोडल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले बँकेचे पत्र हाती घ्यावे व पैसे थेट कर्जखात्यातच भरावेत. वसुलीवाल्याने सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन केल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

वकील, फोंडा:
नातेवाइकांचा सल्ला ऐकीव दिसतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. अल्प उत्पन्नाच्या कर्जदारासाठी तीत ‘फ्रेश स्टार्ट’ची, म्हणजे कर्जातून मुक्त होऊन नव्याने सुरुवात करण्याची, तरतूद आहे, पण तिची मर्यादा वार्षिक उत्पन्न 60,000 आणि पात्र कर्ज 35,000 रुपये इतकी तुटपुंजी असून तीही अंमलात आलेली नाही. इतरांसाठी देशात 1909 आणि 1920 चे ब्रिटिशकालीन कायदेच उरतात, आणि त्यांखाली दिवाळखोर ठरलेल्या माणसाची मालमत्ता त्याच्या हातातून जाते. घर असलेल्याने तो मार्ग सहजी धरू नये.

आता घराचे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कुटुंब कायद्यानुसार मालमत्ता दोघांची सामाईक, निम्मी-निम्मी असते. म्हणूनच घर विकताना वा गहाण ठेवताना दोघांच्या सह्या लागतात. कर्जाच्या कागदावर पत्नीची सही आहे का आणि कर्ज संसारासाठी घेतले होते का, या दोन गोष्टींवर तिच्या हिश्श्याचा प्रश्न अवलंबून राहील. विवाह नोंदणीचा दाखला व कर्जकरार घेऊन स्थानिक वकिलास भेटा. तारण नसलेल्या कर्जापोटी बँकेला सहसा प्रथम दिवाणी दावा करून हुकूमनामा मिळवावा लागतो. टॅक्सी मात्र तारणच असल्यामुळे तिचा हप्ता चुकवू नका.

डिचोलीवाला:
दोघांचेही आभार. पत्नीची सही वैयक्तिक कर्जावर नाही. अहवालात मात्र केव्हाच फेडलेले फ्रिजचे कर्ज अजून थकीत दाखवले आहे.

निवृत्त शाखाधिकारी, मडगाव:
फेडल्याचे ना-हरकत पत्र जोडून त्या क्रेडिट कंपनीकडे व कर्ज देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तडजोडीची बोलणी तोवर चालू ठेवायला हरकत नाही.