सातबारा नाही म्हणून घरकुल नाही : सांगलीत बेघर ठेवतं कोण?

कृष्णाकाठ
माझं मत सरळ आहे. घरकुलाचा पैसा ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडेच जातो. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर बांधायचं तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. पण अर्जाबरोबर आधी जागेचा उतारा लागतो. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये हजारो कुटुंबं गुंठेवारीत, म्हणजे शेताचे तुकडे पाडून विनापरवाना विकलेल्या प्लॉटवर राहतात. स्टॅम्पपेपरवर खरेदी, घरपट्टी भरलेली, लाइट बिल नावावर, आणि सातबाऱ्यावर मात्र मूळ मालक. अर्ज तिथंच अडतो. ज्याच्याकडे स्टॅम्पपेपरही नाही, त्याचा तर विचारच नाही. खेड्यात घरकुलाच्या जागेसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात. शहरातल्या भूमिहीनानं कुठं जायचं? आधी जागा नावावर करा, घराचं नंतर बोला.

विश्रामबागकर
पूर्ण विरोध. गुंठेवारी कायदा २००१ चा. तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीचेच प्लॉट नियमित व्हायचे होते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. तारीख पुढं सरकते हे एजंटांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून शेताचे तुकडे पाडून विकणं थांबत नाही. आम्ही कर्ज काढून एनए (बिनशेती) प्लॉट घेतला, सगळी शुल्कं भरली. नियम पाळणाऱ्यानं दोन्हीकडून भरायचं का?
आणि जागा नावावर करणार कुठली? २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४५ ची. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर या काठावरच्या वस्त्या आठवा. तिथं उतारा देणं म्हणजे सरकारनंच माणसं पाण्यात बसवणं.

कृष्णाकाठ
पूररेषेच्या आत उतारे द्या असं मी कुठंच म्हटलेलं नाही. तिथल्या लोकांना शहरातच उंचावर जागा द्या, एवढंच म्हणतोय. नदीकाठी ती हौसेनं राहत नाहीत. मार्केट यार्डातली हमाली, गणपती पेठेतली गाडी, चार घरची धुणीभांडी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गावाबाहेर फ्लॅट दिला तर दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा रिक्षाला जाईल आणि ती माणसं परत काठावर येतील. शेत तोडून विकणारा एजंट पैसे घेऊन मोकळा झाला. शिक्षा विकत घेणाऱ्याला, हे मला पटत नाही.

गवंडीकाम
दोघंही कागदावर अडलाय. मी घरकुलाची कामं घेतो. ३० चौरस मीटरचं घरकुल म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. फुटाला १८०० धरले तरी पावणेसहा लाख होतात. मिळणार अडीच, तेही हप्त्यानं, कामाचा टप्पा फोटोत दिसला की. जुनं घर पाडलेलं असतं, त्यामुळं भाड्याची खोली सुटत नाही. मिरजेत एका मावशींचं काम लिंटलला (दार-खिडकीवरच्या पट्टीला) थांबलंय. उतारा त्यांच्याच नावावर, कागद सगळे चोख. पुढचा हप्ता लांबला, गवंड्याची मजुरी द्यायला बचत गटाचं कर्ज काढलं, आता त्याचाही हप्ता चालू. वर जुने पत्रे टाकलेत, दाराच्या चौकटीला ताडपत्री बांधलीय, आत दोन नाती अभ्यासाला बसतात. सरकारी यादीत त्या लाभार्थी आहेत.

मिरज_जंक्शन
तुमचं सगळं बोलणं भिंती असलेल्यांबद्दल चाललंय. स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांचं काय? लाख लोकवस्तीमागं एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. म्हणजे पाच निवारे तेव्हाच हवे होते. सांगलीतल्या सावली बेघर निवारा केंद्राचं काम मी मानतो, पण असा आधार तिन्ही शहरांत चालत पोचता येईल इतका जवळ पाहिजे. रस्त्यावर आलेला माणूस बहुतेकदा आजारी असतो, नाहीतर घरच्यांनी सोडलेला. त्याच्या हातात नुसती किल्ली देऊन भागत नाही. औषध, आधार कार्ड, पेन्शनचा अर्ज, यासाठी सोबत बसणारं माणूस लागतं. त्या माणसाच्या पगाराची तरतूद करा.

विश्रामबागकर
निवाऱ्याला माझा पाठिंबा आहे, त्यासाठी माझा कर जरूर वापरा. फुकट मालकीला मात्र नाही. २०२४ च्या आवास योजना २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे, त्यात बेघर आणि स्थलांतरित कामगारही येतात. कुपवाड एमआयडीसीजवळ अशा खोल्या बांधा. मालकी दिली की घर विकलं जातं.

कृष्णाकाठ
कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या जरूर बांधा. पण भाडं थकलं तर बाहेर काढणार का, आणि ड्रेनेज तुंबलं तर बघणार कोण, हे आधी ठरवा. गुंठेवारीवाल्यांना त्यात ढकलू नका. त्यांनी जमिनीचे पैसे मोजलेत, फुकट काही मागत नाहीत. पूररेषेबाहेरची प्रकरणं आधी काढा, नियमितीकरणाचं शुल्क हप्त्यानं घ्या आणि घरकुलाचा अर्जही त्याच टेबलावर भरून घ्या. गवंडी दादा म्हणतात त्या मावशींसाठी तर नवा कायदाही लागत नाही. लिंटलचा फोटो गेला की ठरलेल्या मुदतीत पैसे खात्यावर, एवढं महापालिकेनं लेखी द्यावं.