जुनी मोठी एसयूव्ही की त्याहून जुना पिकअप?

अर्धामेकॅनिक:
"तेवढ्याच पैशांत दहा वर्षांची मोठी एसयूव्ही आणि वीस वर्षांचा पिकअप मिळत असेल, तर डोळे झाकून पिकअप घ्यावा, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसतेच," हे विधान काल वाचले आणि राहवले नाही. मुळात अशा बहुतेक एसयूव्ही पिकअपप्रमाणेच शिडीसारख्या चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, उभ्या असतात. शेवरोले सबर्बन ही मोठी एसयूव्ही तर १९३५ सालीच ट्रकच्या चासीवर आली. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मात्र पूर्ण भार गृहीत धरून बसवलेले असतात, त्यामुळे रिकामा हौदा घेऊन ओल्या वळणावर शिरलात की मागची चाके घसरतात. अशा वेळी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. वीस वर्षांच्या पिकअपमध्ये ती बहुधा सापडणार नाही.

पाटेवाला:
धागाकर्त्यांनी हौद्यात, मागच्या आसाच्या वर, वाळूची दोन पोती कधी टाकून पाहिलेली दिसत नाहीत. पाटा तुटला तर पाटा बदलतात आणि विषय संपतो. माझ्या मेहुण्यांच्या एसयूव्हीचे हवेवरचे सस्पेन्शन एका रात्रीत बसले. त्यांनी आधी कॉम्प्रेसर बदलला, मग हवेच्या पिशव्या, मग सेन्सर, आणि शेवटी वैतागून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

तिसरीरांग:
पाटे आणि स्प्रिंगा राहू द्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल कोणीच कसे बोलत नाही? "हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही" असे सांगतात; आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे? माझ्या एसयूव्हीच्या आधीच्या मालकाने ट्रेलर ओढून ओढून तेल अक्षरशः जाळले होते. काळे, करपट वासाचे ते तेल मी बदलले आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला.

पाटेवाला:
बदललेत म्हणूनच गेला. जुन्या तेलाला हात लावू नये, हे शेंबडे पोरही सांगेल.

अर्धामेकॅनिक:
हा उलटा तर्क किती वर्षे ऐकायचा? गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्या झिजून गिअर घसरू लागले की मगच लोकांना तेल आठवते, आणि मरायला टेकलेला गिअरबॉक्स मेला की खापर नव्या तेलावर फुटते. आपण निदान करता की शकुन पाहता?

तिसरीरांग:
गिअर आधीपासून थोडे घसरत होते, हे खरे आहे. तरीही मला त्या तेलाचा राग आहे.

तांबेरा:
तुम्ही तेलावर भांडा; मी काळ्या रंगाने चकाकणाऱ्या चासीला भुलून पिकअप घेतला आणि दोन वर्षांत पाट्याला चासीशी धरून ठेवणारा हँगर चासीतून उपटून हातात आला. चासीच्या पोकळीत चिखल आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ साचून ती आतून कुजते, वरचा रंग शाबूत राहतो. घेण्याआधी हातोडीने ठोकून पाहावे: निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. एसयूव्हीलाही हे लागू आहे, परंतु वीस वर्षे ही दहाच्या दुप्पट असतात.

पाटेवाला:
तांबेरा यांचा मुद्दा नाइलाजाने मान्य. उद्या माझ्या पिकअपची चासी ठोकून पाहीन. बद्द वाजली, तर धागाकर्त्यांना मात्र कळवणार नाही.