दारावरचा सोबती : आत राहून आलेल्याला पगारावर घ्यावं का?

पेठेतला_पाहुणा (धागाकर्ता)

पुण्यात आमची छोटी संस्था आहे. तुरुंगातून सुटलेल्यांना कागदपत्रं, काम आणि कोर्टाच्या तारखा यांत मदत करतो. महिनाभर विश्वस्तांत एकाच गोष्टीवरून जुंपली आहे. माझा प्रस्ताव असा : स्वतः आत राहून आलेले दोघे जण महिना पंधरा हजारांवर घ्यायचे आणि नव्याने सुटणाऱ्याबरोबर तुरुंगाच्या दारापासून पहिले पंधरा दिवस त्यांनी राहायचं. अर्धे विश्वस्त म्हणतात, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं आहेत की आपल्याकडे.

आहेत, आणि गुणी आहेत. पण कोर्टाचा जामिनाचा कागद तुरुंगाच्या टपालपेटीत पडून माणूस बाहेर येईपर्यंत दिवेलागण होते. हातात एक पिशवी. मोबाइल मुद्देमालात, तो सोडवायला कोर्टात अर्ज. सिम केव्हाच बंद पडलेलं, म्हणून आधारचा ओटीपी येत नाही, म्हणून बँकेतलं काम अडतं. आमची मुलं हे फाइल वाचून शिकतात. ज्याच्यावर गुदरलंय तो आधी सांगतो, 'पुढची तारीख हातावर लिहून घे.' तारीख चुकली की अजामीनपात्र वॉरंट, आणि पुन्हा आत.

यात आक्रीत काय आहे? १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्यांना सांभाळतातच ना? तुरुंगात तर विधी सेवा प्राधिकरण शिक्षाबंद्यांनाच स्वयंसेवक म्हणून तयार करतं, इतरांचे अर्ज लिहायला. आत जो भरवशाचा, तो दरवाजा ओलांडला की बिनभरवशाचा कसा होतो?

फुकट काम करून घ्यायला मात्र माझा ठाम विरोध आहे. 'अनुभव आहे ना, मग सेवा म्हणून कर' हे ऐकलं की डोकं फिरतं.

निवृत्त_परिविक्षा

एकतीस वर्षं परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी होतो, त्यामुळे थोडं कडू बोलतो. कैद्यावर कैदी नेमणं आपल्याकडे नवं नाही. १८९४ च्या कारागृह कायद्यात कैद्यांमधून नेमलेल्या अधिकाऱ्यांना लोकसेवक मानणारं कलमच आहे. त्या मुकादम-वॉर्डरांच्या हाताखाली ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा. झोपायची जागा, आंघोळीचं पाणी, बिडी, प्रत्येकाला भाव. आत भोगलं म्हणून माणूस हळवा होतोच असं नाही.

दुसरं, बॅरकमधली ओळख बाहेर कामाला येते हे खरं, पण कोणाच्या कामाला? टोळ्यांची माणसंसुद्धा दारावर उभी असतात. तीही म्हणतात, 'चल, गाडी आहे, जेवायला जाऊ.' तुमचा सोबती आणि त्यांचा सोबती, नव्या माणसाला फरक कसा कळणार?

आणि तुमच्या सोबत्याचं काय? रोज त्याच दारासमोर उभं राहायचं. दोन वर्षांत तो मोडला तर त्याला कोण बघणार?

ओकलंडची_नर्स

काका, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण इकडचं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ साली ट्रान्झिशन्स क्लिनिक सुरू झालं. सुटून आलेल्यांसाठीच्या या दवाखान्यातले आरोग्य कार्यकर्ते स्वतः तुरुंगवास भोगलेले, आणि पगारी. त्याची निकड कुठून आली तेही बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२.७ पट निघाला. पहिला पंधरवडा म्हणतात तो हाच.

ठेचा_भाकर

ताई, त्याच अभ्यासात मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण ड्रगचा ओव्हरडोस होतं, तेही लिहा की. आमच्या तालुक्यातला सुटलेला माणूस हेरॉइननं मरत नाही, सावकार आणि भाऊबंदकीनं पिचतो. तिकडचा आकडा इकडे लावायचा म्हणजे उसाचा भाव कापसाला.

भावाची_बहीण

२०११ मध्ये माझ्या भावाचा खून झाला. आरोपींपैकी एक जण आता सुटून गावात परत आलाय. त्याच्यासाठी दारावर सोबती, पंधरा दिवस, पगारी. आमच्या दारात कोण आलं होतं? साक्षीच्या दिवशी आई आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्याच नातेवाइकांच्या बाकाशेजारी उभ्या होतो. 'घाबरू नका, मीही यातून गेलेय' असं सांगणारं एकही माणूस नव्हतं. भरपाईच्या योजना आहेत, अर्ज आहेत. सोबत नाही.

धागाकर्त्यांवर राग नाही. पण तुमच्या विश्वस्तांनी 'नाही' म्हटलं तर मला ते समजतं.

पेठेतला_पाहुणा

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'दोन्ही हवं' हे म्हणायला सोपं आहे, पण आमच्याकडे पैसे यांतल्या एकाच कामापुरते आहेत.

कच्चा_कैदी

नऊ महिने आत होतो, नंतर निर्दोष सुटलो. त्या हक्काने बोलतो, आणि दोन्ही बाजूंना टोचणार आहे.

जामीन झाला त्या रात्री सव्वानऊला बाहेर आलो. वडिलांचा नंबर पाठ होता, पण फोन कोणाकडे मागायचा? पानटपरीवाल्याने बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी माझ्याआधी आठवड्याभराने सुटलेला एक पोरगा दुसऱ्या कोणाला न्यायला आला होता, त्याने वडापाव दिला आणि स्टँडपर्यंत सोडलं. तो कुठल्या संस्थेचा नव्हता. एमएसडब्ल्यूच्या पोराने मला 'आता कसं वाटतंय?' विचारलं असतं. त्याने विचारलं, 'चप्पल आहे का?' म्हणून प्रस्ताव मला पटतो.

पण तुम्ही सगळे 'माजी कैदी, माजी कैदी' करताय ते जरा थांबवा. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे होते. खटलाच संपलेला नाही, शिक्षा दूरच. निर्दोष सुटलेला मी 'माजी' कशातला? तुमची नोकरी घ्यायची तर ही पाटी गळ्यात घालूनच घ्यावी लागणार. पगार मिळेल, पण माझा तुरुंग हीच माझी पदवी होईल. बहिणीच्या स्थळांना काय सांगू, की भाऊ तुरुंगाच्या दारावर नोकरीला आहे?

माहेर_बंद

बायकांचं कोणी लिहिलंच नाही. पुरुष सुटला की निदान आई दार उघडते. बाईला सासर नाही आणि माहेरही नाही. मूल सहा वर्षांपर्यंत आत तिच्याजवळ राहू शकतं, मग बाहेर जातं, नातेवाइकांकडे नाहीतर बालगृहात. सुटल्यावर ते मूल तिला ओळखत नाही. तिथे पंधरा दिवसांची सोबत पुरत नाही, आणि पुरुष सोबती तर नकोच नको. दोन जागांपैकी एक बाईची ठेवा, मग बोलू.

पालावरचा

मी फासेपारधी वस्तीवर काम करतो. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, हे सुप्रीम कोर्टाला २०२४ मध्ये सांगावं लागलं, यावरून समजा. मला प्रस्ताव आवडला, पण अडचण सांगतो. रात्री दहा वाजता एसटी स्टँडवर रेकॉर्डवरची दोन माणसं एकत्र बसलेली दिसली, तर गस्तीवरचा हवालदार काय समजेल? दोघांनाही उचलेल. आमच्या पोरांना एकटं बसलेलं असतानाही उचलतात.

ठेचा_भाकर

याला म्हणतात मुद्दा. बाकी सगळं भाषण.

पेठेतला_पाहुणा

पालावरचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी ओळखपत्र देऊ म्हणणार होतो आणि जवळच्या पोलीस ठाण्याला पत्र. आता कच्चा_कैदी यांचं वाचून प्रश्न पडलाय की त्या ओळखपत्रावर छापायचं काय. 'माजी बंदी सोबती' छापलं तर गळ्यात पाटी, काहीच नाही छापलं तर हवालदाराला ते बसच्या पासासारखं. सध्या नुसतं 'कार्यकर्ता' छापू, आत राहून आलाय की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, सांगायचं तर सांगावं. एक जागा बाईची, हे विश्वस्तांना आजच कळवतो.

निवृत्त_परिविक्षा, ठाण्याला द्यायच्या पत्राचा मसुदा तुम्ही बघाल का? तुमची भाषा त्यांना कळते.

निवृत्त_परिविक्षा

विरोध कायम आहे, मसुदा पाठवा. त्यात तीन गोष्टी पाहिजेत. रात्री दारावर कोणी एकट्याने जायचं नाही, बरोबर तुमच्या एमएसडब्ल्यू मुलांपैकी एक. नव्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. आणि दर तीन महिन्यांनी सोबत्याला पंधरा दिवस त्या दारापासून लांबचं काम, पगार न कापता.

चपलांचे दोन-तीन जोड ऑफिसात ठेवा. आठ, नऊ नंबर. एकतीस वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नाही.

माहेर_बंद

पाच नंबरपण.