मदत हवी आहे: मुलाखतीच्या सूचना धड कळत नाहीत, तयारी नेमकी कशाची करू?

नमस्कार मंडळी,

डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी फोनवरची पहिली फेरी पार पडली, आता पुढच्या आठवड्यात पॅनेलसमोर व्हिडिओवर मुलाखत आहे. आनंद झाला खरा, पण एचआरचा मेल वाचल्यापासून डोकं चक्रावलंय. मजकूर साधारण असा:

"पुढील फेरी पॅनेलसोबत होईल. भूमिकेशी संबंधित विषयावर एक छोटं प्रेझेंटेशन तयार ठेवावं. त्यानंतर केसवर चर्चा होईल. आवश्यक ती कागदपत्रं जवळ असावीत."

वेळेचा उल्लेख सोडला तर संपला मेल! छोटं म्हणजे ५ मिनिटं की २०? विषय मी निवडायचा की ते देणार? आधीच्या नोकरीतलं काम दाखवावं म्हटलं तर तो डेटा गोपनीय. केस, म्हणजे सोडवायला दिलेला कामातला प्रश्न, आधी पाठवतात की तिथेच समोर टाकतात? त्यात मेलमध्ये दीड तास लिहिलंय आणि कॅलेंडरचं आमंत्रण ४५ मिनिटांचं आहे. मेलमध्ये वेळ नुसती '३:०० आयएसटी', आणि पॅनेलमधली काही मंडळी दुसऱ्या देशात बसतात.

घरचे म्हणतात, सरळ विचारून टाक. एक मैत्रीण म्हणते, अजिबात विचारू नकोस, अपुऱ्या माहितीवर तू काय करतेस हेच त्यांना बघायचं असतं. मला दोन्ही पटतंय, म्हणून तर अडलेय. विचारलं तर "हिला एवढंही कळत नाही" असं होईल का? की अंदाजाने तयारी करून जावं?

प्रतिसाद १

विचारा हो बिनधास्त. एचआर रोज असे ढीगभर मेल टाकतं. ठरलेला मजकूर असतो, तुमच्यासाठी बसून कुणी लिहिलेला नसतो.

प्रतिसाद २

मी पॅनेलवर बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची मैत्रीण अर्धी बरोबर आहे. मोघमपणा दोन जातीचा असतो आणि इथे दोन्हींची गल्लत होतेय. केसमधला प्रश्न मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. "महसूल घटलाय, कारण शोधा" एवढंच सांगून आम्ही गप्प बसतो. उमेदवाराने विचारायला हवं: घट कशाच्या तुलनेत, मागच्या महिन्याच्या की मागच्या वर्षीच्या याच महिन्याच्या? सगळ्या उत्पादनांत की एखाद्यातच? परत आलेला माल वजा करून धरलेला आकडा आहे का? मोजायची पद्धत मध्येच बदलली का? हे न विचारता जो थेट उत्तरावर उडी मारतो त्याचे गुण तिथेच जातात, पुढे उत्तर कितीही देखणं असो. सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत सिस्टिम डिझाइनच्या, म्हणजे एखाद्या प्रणालीचा आराखडा मांडायच्या फेरीला हेच चालतं. वापरणारे किती, डेटा वाचला जास्त जातो की लिहिला, हे आधी विचारायचं आणि मगच आराखड्याचे चौकोन काढायला लागायचं.

मेलमधला मोघमपणा मात्र निव्वळ ढिसाळपणा असतो. मॅनेजर घाईत एचआरला म्हणतो, "त्यांना काहीतरी प्रेझेंट करायला सांगा", आणि तेवढंच मेलमध्ये उतरतं. तुम्हाला काय कळवलंय हे कित्येकदा आम्हा पॅनेलवाल्यांनाही ठाऊक नसतं. त्यामुळे वेळ, विषय, कालावधी विचारण्याने कुणाचं मत वाईट होत नाही. बहुतेक वेळा ते प्रश्न आमच्यापर्यंत पोचतही नाहीत.

फक्त विचारायची रीत महत्त्वाची. "कृपया अधिक माहिती द्यावी" असं लिहिलंत तर उत्तरही तितकंच मोघम येईल. आपला अंदाज लिहा आणि त्यावर होकार मागा, म्हणजे समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. असं काहीतरी:

"मुलाखतीच्या आमंत्रणाबद्दल आभार. तयारीसाठी मी पुढील गोष्टी गृहीत धरते आहे. १) प्रेझेंटेशन १० मिनिटांचं, विषय माझ्या निवडीचा, नंतर प्रश्नोत्तरं. २) केस मुलाखतीतच दिली जाईल, आधी काही पाठवायचं नाही. ३) एकूण वेळ आमंत्रणाप्रमाणे ४५ मिनिटं. यात काही बदल असल्यास कळवावं."

उत्तर आलं नाही तर याच अंदाजावर तयारी करा आणि सुरुवातीलाच सांगा, "मी १० मिनिटं धरून आले आहे, चालेल ना?" यात कमीपणा काही नाही. कामावर रुजू झाल्यावरही हेच करायचं असतं.

प्रतिसाद ३

वरच्याला +१, एक भर. मेलवर विसंबून राहू नका, फोन करा. मेल तिकडे पडून राहतात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

फोन जरूर करा, पण नंतर "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून दोन ओळींचा मेल टाकाच. फोनवर हो म्हणणारी व्यक्ती मुलाखतीच्या दिवशी रजेवर असू शकते.

प्रतिसाद ४

प्रेझेंटेशनबद्दल. इंटरनेटवर गाय कावासाकी या अमेरिकी उद्योजक-लेखकाचा १०/२०/३० नियम सापडेल: १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटचा फाँट. तो नवउद्योगांनी गुंतवणूकदारांपुढे बोलण्यासाठी आहे, मुलाखतीसाठी नव्हे. त्यातला मोठा फाँट तेवढा उचला. १० मिनिटांची तयारी करा आणि त्यातला कुठला भाग गाळून ५ मिनिटांत संपवता येईल ते आधीच ठरवून ठेवा. इंग्रजीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १३० शब्द होतात, म्हणजे १० मिनिटांना १३०० च्या आसपास. लिहून काढलेला मजकूर याच्या दुप्पट असेल तर घाईघाईने बोलून तो बसवायला जाऊ नका, कापा.

जुन्या कंपनीचा डेटा नावं पुसूनसुद्धा दाखवू नका. आकड्यांवरून ओळखू येतं, आणि समोरच्याला वाटतं की ही उद्या आमचंही असंच दाखवेल. जागतिक बँकेचा खुला डेटा किंवा यूसीआय मशीन लर्निंग रिपॉझिटरी या खुल्या डेटासंग्रहातला एखादा संच घ्या, त्यावर तुमची पद्धत दाखवा. जुन्या कामाबद्दल तोंडी सांगा: अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय बदललं. आकडे टाळा.

प्रतिसाद ५

'आयएसटी' हा खरा सापळा आहे. भारतीय प्रमाणवेळ (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, +५:३०), आयर्लंडची उन्हाळी वेळ (यूटीसी +१) आणि इस्राएलची प्रमाणवेळ (यूटीसी +२), तिघांचंही लघुरूप तेच. कॅलेंडरचं आमंत्रण तुमच्या यंत्रावरच्या वेळेनुसार आपोआप बदलून दिसतं, म्हणून मेलपेक्षा त्यावर जास्त भरवसा. तरी ते आमंत्रण पाठवणाऱ्याने मुळात नीट भरलेलं असायला हवं. वरच्या मेलमध्ये चौथा मुद्दा घाला आणि वेळ यूटीसीच्या फरकासकट लिहा. तारीख लिहाल तेव्हा महिना अक्षरात. ०५/०६ म्हणजे कुणाला ५ जून, कुणाला ६ मे.

कागदपत्रांचं म्हणाल तर फोटो ओळखपत्र आणि बायोडेटा जवळ असू द्या. नोकरीची ऑफर हातात येण्याआधी बँकेचे तपशील मागितले तर देऊ नका, आणि मेल कंपनीच्याच पत्त्यावरून आलाय ना ते एकदा बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मेल टाकला आणि उत्तर आलंसुद्धा! दीड तास हा जुन्या मजकुरातला राहून गेलेला उल्लेख होता, ४५ मिनिटंच आहेत. वेळ भारतीयच. प्रेझेंटेशन १० मिनिटांचं, विषय माझा. केसबद्दल फक्त "पॅनेल सांगेल" एवढंच.

आता एकच शंका. १० मिनिटांच्या मध्येच कुणी प्रश्न विचारला तर तिथेच उत्तर द्यायचं की "शेवटी बोलू" म्हणायचं?

प्रतिसाद २ (पुन्हा)

तिथेच द्या, दोन वाक्यांत, आणि पुढे चला. उत्तर लांबणार असेल तर विचारा, "आत्ता सविस्तर सांगू की पुढच्या स्लाइडनंतर?" मधल्या प्रश्नांत वेळ गेला तर घड्याळ बघून उरलेलं गाळा आणि शेवटच्या स्लाइडवर जा. काय गाळायचं हे आधीच ठरवून ठेवा असं वर कुणीतरी म्हटलंय, ते इथे कामी येईल.