वारसा रेल्वेवरील इंजिन इतके संथ धावते, तरी दर दहा वर्षांनी ते पूर्ण का उघडावे लागते?

सांधेवाला (प्रश्न)

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यात बांधलेले इंजिन २००६ मध्ये दुरुस्तीसाठी थांबले आणि पुन्हा वाफेवर आले ते थेट २०१६ मध्ये, हे वाचल्यापासून एक शंका मनात घोळत आहे. याच इंजिनाने १ मे १९२८ रोजी लंडन ते एडिनबरा हे सुमारे ६३० किलोमीटरचे अंतर वाटेत कुठेही न थांबता कापले होते. याउलट ब्रिटनमधील बहुतेक वारसा रेल्वेमार्गांवर, म्हणजे जुनी वाफेची इंजिने जपून चालवली जातात अशा मार्गांवर, वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे जेमतेम ४० किलोमीटर असते, मार्ग आखूड असतात आणि वर्षातील कित्येक दिवस इंजिन शेडमध्येच उभे असते. इतके हलके काम असताना तेथे साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उचलून संपूर्ण उघडण्याची पद्धत आहे, ती केवळ अतिसावधगिरी समजावी काय? दुसरे असे की, प्रत्येक फेरीत इतके भाग बदलले जात असतील, तर जुने इंजिन म्हणून आपण नेमके काय पाहतो?

अग्निपेटी

चाकांचे टायर, बेअरिंगे, दट्ट्यांच्या कड्या हे भाग धावण्याने झिजतात, त्यामुळे त्यांच्यापुरता आपला हिशेब बरोबर आहे. परंतु जतन केलेल्या इंजिनाचे वेळापत्रक त्यांच्यावर बेतलेले नसते, ते बॉयलरवर बेतलेले असते. आणि बॉयलरला सर्वाधिक त्रास होतो तो तापण्याचा आणि निवण्याचा.

चौरस इंचाला २२० पौंड दाब असलेल्या बॉयलरमधील पाणी सुमारे २०० अंश सेल्सिअसला उकळते. ब्रिटिश इंजिनांत आतली भट्टी बहुधा तांब्याची आणि तिच्याभोवतीचे कवच पोलादाचे असते. तेवढ्याच उष्णतेने तांबे पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे या दोन भिंतींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या शेकडो आखूड दांड्या, ज्यांना शेडमध्ये ‘स्टे’ म्हणतात, प्रत्येक वेळी इंजिन पेटवताना किंचित वाकतात आणि थंड होताना पुन्हा सरळ होतात. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती अखेरीस तुटते, तसेच येथे घडते, फक्त त्याला वर्षे लागतात. भट्टीतील गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांची टोके जेथे पत्र्यात बसवलेली असतात, तेथेही हाच ताण येतो आणि पाझर सुरू होतो.

आता पूर्वीच्या कामाशी तुलना करून पाहा. रोजच्या वाहतुकीतील इंजिन एकदा पेटवले की बॉयलर धुण्याची वेळ येईपर्यंत अनेक दिवस गरमच राहत असे. रात्री शेडमध्ये आग राखून ठेवली जाई. वारसा रेल्वेवर मात्र शनिवार-रविवारसाठी इंजिन पेटवतात आणि सोमवारी ते पुन्हा थंडगार होते. म्हणजे किलोमीटर कमी असले, तरी प्रत्येक किलोमीटरमागे बॉयलरला सोसाव्या लागणाऱ्या तापण्या-निवण्याच्या फेऱ्या कितीतरी अधिक होतात. म्हणूनच जाणती मंडळी थंड इंजिन घाईने पेटवत नाहीत. आदल्या दिवशीच लहानशी आग लावून सगळे अंग सावकाश गरम होऊ देतात. पहाटे शेडमध्ये तासन्तास काहीच घडत नाही असे पाहुण्यांना वाटते, पण इंजिनाचे आयुष्य त्याच तासांत वाचवले जात असते.

रूळमित्र

वरील विवेचन पटले, तरी त्यात उभ्या इंजिनाचा गंज राहून गेला आहे, आणि माझ्या मते तो तितकाच महत्त्वाचा आहे. धुराच्या पेटीत, म्हणजे चिमणीखालच्या कप्प्यात, साचलेल्या राखेत गंधकाचा अंश असतो. ती ओलसर झाली की आम्ल तयार होऊन पत्रा खाल्ला जातो. आतल्या बाजूने पाण्यात विरघळलेला प्राणवायू पोलादाला खळगे पाडतो, तर पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांवर आणि भट्टीच्या भिंतींवर बसून उष्णता अडवतो, त्यामुळे त्या जागी धातू नको तितका तापतो. यासाठीच पाण्यात रसायने घालणे, ठरावीक दिवसांनी बुचे काढून बॉयलर धुणे आणि गाळ खरवडणे ही कामे इंजिन कमी धावले म्हणून टाळता येत नाहीत. भट्टीच्या छतात शिशाचा गाभा असलेली बुचे असतात, पाणी फार खाली गेले की शिसे वितळते आणि वाफेचा फवारा आगीवर येऊन कर्मचाऱ्यांना धोक्याची सूचना देतो. त्या बुचांवर क्षार बसला, तर ही सूचनाही भरवशाची राहत नाही.

दहा वर्षांची मुदत सरधोपट आहे, हा आपला आक्षेप मात्र मला काही अंशी मान्य आहे. अमेरिकेत कामाचे दिवस मोजतात: ज्या दिवशी भट्टीत आग आणि बॉयलरमध्ये दाब असतो, तो एक दिवस. असे १४७२ दिवस किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल, तेव्हा बॉयलर पूर्ण उघडावा लागतो. (हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण तेथे दर ९२ दिवसांनीही एक तपासणी असते आणि ९२ गुणिले १६ म्हणजे १४७२.) कमी धावणाऱ्या इंजिनाला ही पद्धत अधिक न्याय्य आहे, तरीही तिच्यात वर्षांची मर्यादा ठेवावी लागली, कारण गंज सुटीच्या दिवशीही थांबत नाही.

वंगणवाला

चाकांबद्दल थोडेसे. आखूड मार्गावर इंजिन बहुधा वळवले जात नाही. जाताना सरळ आणि येताना उलटे धावते. मार्गातील बहुतेक वळणे एकाच बाजूची असतील, तर एका बाजूच्या चाकांच्या कडा लवकर झिजतात, म्हणून अधूनमधून इंजिनाचे तोंड फिरवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सांधेवाला

दोघांचेही आभार. बॉयलर उघडल्यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी प्रथम का घेतात आणि वाफेची नंतर का, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल. माझा दुसरा प्रश्नही अजून अनुत्तरितच आहे.

अग्निपेटी

पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे दाबाखालच्या थंड पाण्यात साठलेली ऊर्जा अत्यल्प असते. नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देताना एखादा सांधा हरला, तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दाब क्षणात उतरतो. तेच वाफेच्या बाबतीत घडले, तर उकळबिंदूच्या वर तापलेले पाणी एकदम वाफ होऊन फुगते आणि बॉयलर फुटतो. म्हणून निरीक्षक आधी थंड चाचणी पाहतात, आणि ती यशस्वी झाल्यावरच आग लावून सुरक्षा झडपा योग्य दाबाला उघडतात की नाही, हे तपासतात.

मूळपणाविषयी एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. कारखान्यांना घाई असे आणि बॉयलरची दुरुस्ती सर्वांत वेळखाऊ, म्हणून रोजच्या सेवेतही दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बॉयलर काढून शिल्लक साठ्यातला तयार बॉयलर त्यावर बसवत आणि इंजिन लवकर बाहेर काढत. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे बॉयलरही त्याच्या कारकिर्दीत अनेकदा बदलले गेले. ओळख धरली जाई ती सांगाड्याची.

पूर्णपणे नव्या इंजिनाचे उदाहरण हवे असेल, तर ६०१६३ क्रमांकाचे ‘टॉर्नेडो’ पाहावे. ते २००८ साली डार्लिंग्टन येथे पूर्ण झाले, त्याचा बॉयलर जर्मनीतील मायनिंगेन येथे तयार झाला, आणि त्याला कोणी जतन केलेले इंजिन म्हणत नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या मात्र त्यालाही चुकलेल्या नाहीत.